फार्माकॉलॉजी डोक्यात शिरत नाही? औषधांचे ग्रुप शिकायची माझी पद्धत

नर्सिंगच्या सेकंड इयरची फार्माकॉलॉजीची, म्हणजे औषधशास्त्राची, व्हायवा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, "पँटोप्राझोल कुठल्या ग्रुपमधलं?" आणि मी अगदी छातीठोकपणे सांगितलं, "अँटिफंगल." मॅडमनी चष्मा नाकावर खाली सरकवला. "म्हणजे तुमच्या वॉर्डात सगळ्याच पेशंटना बुरशी झालीय का गं? रोज सकाळी सगळ्यांना तेच देतेस ना?" शेजारी उभी असलेली माझी पार्टनर हसू दाबता दाबता लालबुंद. माझं डोकं असं चाललं होतं की फ्लुकोनाझोल अँटिफंगल, केटोकोनाझोल अँटिफंगल, म्हणजे शेवटी झोल आलं की अँटिफंगल. रोज सकाळी सहाला मी स्वतः ती व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, डायल्यूट करत होते आणि आपण काय देतोय याचा पत्ता नव्हता.

मी झेडपीच्या शाळेतली, मराठी मीडियम, आणि एकदम ते जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात आलं. मग काय, घोकंपट्टी. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आता वॉर्डात बरीच वर्षं झाली, दरवर्षी नवीन बॅच पोस्टिंगला येते आणि दरवर्षी मला माझंच ध्यान समोर उभं दिसतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रुप कळला की पेशंटच्या अंगावर कुठे बघायचं ते कळतं, नाडी बघायची की श्वास मोजायचा की लघवी बघायची की पोटॅशियमचा रिपोर्ट शोधायचा. बीएस्सी नर्सिंगला हा विषय तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला येतो, जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमावाल्यांनीही हीच पद्धत धरली तरी चालेल. आणि हो, खाली जिथे डोस आलेत ते समजण्यापुरते आहेत, देताना तुमच्या डॉक्टरांची ऑर्डर आणि वॉर्डचा प्रोटोकॉल.

आधी हे जमवा

- एक दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोट्स नकोत, वॉर्डात मोबाइल काढला की सिस्टर ओरडतात आणि बरोबरच ओरडतात.
- रिकाम्या स्ट्रिप आणि खोक्यातली ती बारीक अक्षरातली घडी घातलेली चिठ्ठी. सगळे फेकतात, तुम्ही मागून घ्या. फुकटचं पुस्तक आहे ते.
- फर्स्ट इयरचं फिजिऑलॉजीचं पुस्तक. ज्युनिअरला विकून टाकलं असेल तर परत मागा.
- सरकारची आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी, २०२२ ची. त्यात ३८४ औषधं आहेत. बाजारात हजारो ब्रँड आहेत ते बघून घाबरायला होतं, पण आधी या यादीतली ओळखीची झाली तरी पुष्कळ.
- पेन्सिल आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ.

१. ब्रँड सोडा, आतलं नाव वाचा

वॉर्डात सगळे ब्रँडनेच बोलतात. "पॅन लावलं का?" "त्याला डोलो दे." त्यात काही गैर नाही, पण वहीत ब्रँड लिहायचा नाही. स्ट्रिप उलटी करा, आत काय आहे आणि किती एमजी आहे ते वाचा. डोलो आणि क्रोसिन दोन्ही पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉल आहेच. मग एखाद्या आजोबांना अंगदुखीला एक, तापाला दुसरी आणि वर सलाइनमधून पॅरासिटामॉलची बाटली, असं तीन नावांनी एकच औषध चाललेलं असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नसतं, लिव्हर जातं. हे पकडणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्सच असते कारण तिन्ही गोष्टी तिच्याच हातून जातात.

युट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक सूचना. ते असिटामिनोफेन म्हणतात ते आपलं पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे आपलं ॲड्रेनालिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, मेपेरिडिन म्हणजे पेथिडिन. मी दोन महिने असिटामिनोफेन हे काहीतरी वेगळं भारी औषध समजत होते.

२. शेपूट ओळखा, पण झोलपासून सावध

आतल्या नावाला शेपूट असतं आणि ते बऱ्याचदा ग्रुप सांगतं. लोल आलं की बीटा ब्लॉकर, बीपी आणि हृदयाचं, म्हणजे ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल. प्रिल म्हणजे एसीई इनहिबिटर, बीपीचंच, एनालाप्रिल, रॅमिप्रिल. सार्टन म्हणजे त्यांचेच चुलतभाऊ, लोसार्टन, टेल्मिसार्टन. डिपिन म्हणजे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, तेही बीपीचं, ॲम्लोडिपिन, निफेडिपिन. स्टॅटिन कोलेस्टेरॉलचं, सेट्रॉन उलटीचं, केन म्हणजे बधिर करणारं, पॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं, फ्लॉक्सासिन म्हणजे क्विनोलोन अँटिबायोटिक. सुरुवातीला सेफ आलं तर सेफॅलोस्पोरिन, तेही अँटिबायोटिक.

आता झोल. त्यात खरंच झोल आहे. प्राझोल म्हणजे ॲसिडचं, कोनाझोल म्हणजे बुरशीचं, निडाझोल म्हणजे मेट्रोनिडाझोलवालं, परजीवी आणि काही जंतूंचं, आणि बेंडाझोल म्हणजे जंताचं, शाळेत वाटतात ती अल्बेंडाझोल. म्हणजे शेवटचं अक्षर बघून भागत नाही, त्याच्या अलीकडचा तुकडा पण बघायचा. हे मला व्हायवानंतर कळलं.

दुसरा सापळा मायसिन. अझिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, व्हँकोमायसिन, क्लिंडामायसिन ही चारही वेगवेगळ्या ग्रुपमधली आहेत, काम वेगळं, त्रास वेगळे. तिसरा, निस्टॅटिन. नावात स्टॅटिन आहे पण कोलेस्टेरॉलशी काही संबंध नाही, तोंडात पांढरी बुरशी येते त्याचं औषध.

३. औषध आत जाऊन करतं काय

शरीरात पेशींवर रिसेप्टर असतात. पुस्तकात कुलूप-किल्ली देतात, मला एसटीवरून जास्त समजलं. रिसेप्टर म्हणजे सीट. शरीराचं स्वतःचं रसायन म्हणजे रोजचा पासवाला प्रवासी, तो बसला की काम सुरू. काही औषधं त्याच्यासारखीच येऊन बसतात आणि तेच काम करतात, ती ॲगोनिस्ट. दम्याचं साल्ब्युटामॉल तसं. काही औषधं खिडकीतून रुमाल टाकतात, स्वतः काही करत नाहीत आणि दुसऱ्याला बसूही देत नाहीत, ती अँटॅगोनिस्ट. बीटा ब्लॉकर या रुमालवाल्यांच्यात.

हे चित्र डोक्यात ठेवलं की पुढच्या गोष्टी आपोआप कळतात. मॉर्फिन जास्त होऊन श्वास मंदावला तर नॅलोक्सोन देतात, ते मॉर्फिनला सीटवरून उठवून स्वतःचा रुमाल टाकतं आणि पेशंट डोळे उघडतो. सगळे हुश्श करतात. पण नॅलोक्सोनचा रुमाल अर्ध्या ते दीड तासात उडतो आणि मॉर्फिन अजून गाडीतच उभं असतं, ते परत बसतं. म्हणून नॅलोक्सोन दिल्यावर पेशंट उठून बोलायला लागला तरी बेडपासून लांब जायचं नाही, श्वास मोजत राहायचा.

रिसेप्टर सोडून बाकी औषधं कुठे काम करतात तर एन्झाइम बंद पाडतात, किंवा पंप आणि चॅनल अडवतात, किंवा जंतूवर थेट जातात. पँटोप्राझोल जठरातला ॲसिड टाकणारा पंप बंद करतं. आणि पंप चालू व्हायच्या बेतात असतानाच ते नीट लागू पडतं म्हणून गोळी नाश्त्याच्या आधी अर्धा तास. जेवून झाल्यावर दिली तर बराचसा उपयोग वाया. एवढं एक कळलं असतं तर माझी व्हायवा सुटली असती.

४. सिम्पथेटिक-पॅरासिम्पथेटिक हे आधी करा, टाळू नका

सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात आणि सगळ्यात जास्त औषधं इथेच आहेत. मी फक्त एवढं सांगते. सिम्पथेटिक म्हणजे मागे कुत्रं लागल्यावर अंगात येतं ते, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या, तोंडाला कोरड, हातपाय गार. पॅरासिम्पथेटिक म्हणजे दुपारी जेवून वामकुक्षीला आडवं झाल्यावरचं, नाडी मंद, लाळ, पोटात गुरगुर, बाहुल्या बारीक. पहिल्याचं रसायन ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन, दुसऱ्याचं ॲसिटिलकोलिन. ॲड्रेनालिनच्या सीटांची नावं अल्फा आणि बीटा. अल्फा-१ रक्तवाहिन्या आवळतं. बीटा-१ हृदयात, बीटा-२ फुप्फुसात, हृदय एक आणि फुप्फुसं दोन, असंच लक्षात ठेवायचं.

आता दोन पेशंट. दोन्ही आपल्याकडचे, आणि दोन्ही मी बघितलेत.

पहिला, फवारणीचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले होते, त्या बातम्या आठवत असतील. कीटकनाशकात ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर ते ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला बंद पाडतं, म्हणजे ॲसिटिलकोलिन साचत जातं. वरचं वामकुक्षीचं चित्र दहापट करा, लाळ गळतेय, घाम, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीत इतकं पाणी की लांबूनच घरघर ऐकू येते. मग ॲट्रोपिन, म्हणजे ॲसिटिलकोलिनच्या सीटवर टाकलेला रुमाल. आपल्याकडे ॲम्प, म्हणजे काचेची छोटी कुपी, ०.६ एमजीचं असतं आणि सीटवर गर्दी एवढी असते की एका ॲम्पने काही होत नाही, तीन ते पाच ॲम्प, पाच मिनिटांनी बघायचं, फरक नाही तर दुप्पट. माझ्या पहिल्या अशा नाइटला मी ॲम्प फोडत होते आणि माझी सीनियर भरत होती, पहाटेपर्यंत किडनी ट्रे काचांनी भरला होता आणि माझ्या अंगठ्याला दोन कापल्याच्या खुणा. गॉझ धरून फोडायचं हे तेव्हा शिकले.

इथला सापळा म्हणजे सगळे बाहुल्यांकडे बघत बसतात. छाती बघा. स्टेथो लावा, घरघर गेली का, काखेत हात घाला, घाम वाळला का, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर आहे का. बाहुल्या मागाहून मोठ्या होतात. आणि ॲट्रोपिन जास्त झालं की पेशंट बडबडायला लागतो, चादर ओढतो, हवेत काहीतरी पकडतो, ताप चढतो, पोट फुगतं, तेव्हा लगेच डॉक्टरला सांगायचं. अजून एक, ॲट्रोपिन स्नायूंच्या सीटवर बसतच नाही, तो भाग त्याच्या हातात नाही. त्यामुळे छाती स्वच्छ झाली तरी पुढचे तीन-चार दिवस प्रत्येक शिफ्टला पेशंटला म्हणायचं, "काका, मान उचलून दाखवा." उशीवरून मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायू पण लवकरच दमणार आहेत. याला काही मशीन लागत नाही.

आणि हो, अशा पेशंटचे कपडे आधी काढायचे, ग्लोव्ह घालून. विष कपड्यातून आणि कातडीतून आत जातच असतं.

दुसरा पेशंट विंचवाचा. कोकणातला लाल विंचू. गावाकडे अजून आधी उतारा टाकतात, मंत्र म्हणतात, मग उशिरा घेऊन येतात. याचं विष नसांमधले सोडियम चॅनल उघडे ठेवतं आणि ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचा पूर येतो. पोराला दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, बीपी चढलेलं, आणि वेळ गेला की फुप्फुसात पाणी, तोंडाला गुलाबी फेस. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे वर्षानुवर्षं बघितलं आणि अल्फा-१ अडवणारी प्राझोसिन नावाची साधी बीपीची गोळी यावर वापरायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं कारण यात नवीन औषध शोधलेलं नाही, ग्रुप काय करतो हे माहीत होतं आणि पेशंटचे हात गार का आहेत हे समजलं होतं.

नर्स म्हणून इथे काय? गोळी साधी हवी, एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी असं लिहिलेली नाही, तीही तोडून तर अजिबात नाही. मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत तीन-तीन तासांनी, म्हणजे थर्मामीटर तुमचा हातच. गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवायचं, आईला सांगायचं की उचलून कडेवर घेऊ नका, पहिल्या डोसला बीपी एकदम खाली येतं. आणि धडधड होतेय म्हणून कुणी बीटा ब्लॉकर म्हणालं तर ते का नको ते तुम्हीच सांगा बघू. बीटा अडवलं तर अल्फा मोकाट सुटतं, आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात आणि हृदयाची ताकद मात्र जाते.

जाता जाता, घाम सिम्पथेटिकचा असूनही त्याचं रसायन ॲसिटिलकोलिन आहे, म्हणून दोन्ही पेशंट घामाने निथळतात. एक्स्टर्नलचा आवडता प्रश्न.

५. एका ग्रुपला एक पान, पानावर पाच ओळी

ओळी अशा. कुठे काम करतं. कशासाठी देतात. द्यायच्या आधी काय बघायचं. दिल्यावर काय होऊ शकतं. जास्त झालं तर उतारा काय. माझ्या वहीतलं बीटा ब्लॉकरचं पान तसंच्या तसं देते:

*कुठे:* हृदयाच्या बीटा-१ वर रुमाल. प्रोप्रॅनोलोल बीटा-२ वर पण टाकतं.
*कशासाठी:* बीपी, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), धडधड, थायरॉइड वाढलेलं असताना, प्रोप्रॅनोलोल मायग्रेन येऊ नये म्हणून.
*आधी:* नाडी, बीपी. नाडी ६० च्या खाली तर थांबा आणि विचारा. दमा आहे का? शुगरचं औषध चालू आहे का?
*नंतर:* थकवा, गार हात. शुगर कमी झाली तरी धडधड कळणार नाही, घाम मात्र येईल, म्हणून घाम आला की ग्लुकोमीटर.
*उतारा:* ॲट्रोपिन, ग्लुकागॉन. अचानक बंद करू नका, हे घरी जाताना नातेवाइकांना दोनदा सांगा.

बघा, दम्याचं का विचारायचं ते पाठ करावं लागलं नाही. बीटा-२ फुप्फुसात आहे, तिथे रुमाल पडला की नळ्या आवळणार. आणि उलटं साल्ब्युटामॉलचं, नेब्युलायझेशननंतर आजी म्हणतात "माझे हात थरथरतायत, छातीत धडधडतंय", ते घाबरल्यामुळे नाही, औषधच तसं आहे. पोटॅशियम पण थोडं उतरतं.

प्रिलचं पान करताना कोरडा खोकला ठळक लिहा. प्रिल ज्याला बंद पाडतं ते एसीई नावाचं एन्झाइम ब्रॅडिकायनिन हे रसायन पण मोडतं, ते बंद केलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि खोकला येतो. कफ सिरप देऊन जात नाही. म्हणून मग सार्टनवर बदलतात. ओठ-जीभ सुजली तर मात्र धावाधाव. पोटॅशियम वाढतं, गरोदर बाईला द्यायचं नाही. या ग्रुपचं पहिलं गोळीचं औषध कॅप्टोप्रिल, ते ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाचा अभ्यास करताना सुचलं. विंचू झाला, साप झाला, आता पुढे जाऊ.

६. ज्यांच्यात चूक झाली तर माफी नाही

या औषधांना मी वहीत लाल पेनने चौकट केली होती.

इन्सुलिन. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति एमएलची असते आणि पेनची कार्ट्रिज १०० ची. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० वाली, केशरी टोपीची १०० वाली. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा असलाच पाहिजे. ऑर्डर २० युनिटची, तुम्ही ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत घेतलं तर गेलं ०.२ एमएल, म्हणजे ८ युनिट. शुगर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. उलटं झालं, पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० रेघा ओढल्या तर ०.५ एमएल, म्हणजे ५० युनिट, आणि पेशंट पहाटे बेशुद्ध. मी स्टुडंट असताना चुकीची सिरिंज भरून बेडपर्यंत गेले होते, पेशंटच्या मुलीने विचारलं "घरी तर लाल टोपीची वापरतो आम्ही." त्या पोरीचे उपकार. नातेवाईक काही विचारतात तेव्हा चिडू नका, थांबा आणि परत बघा. शिरेतून फक्त पाण्यासारखं दिसणारं रेग्युलर जातं, दुधाळ दिसणारं कधीच नाही. आणि जेवणाचा डबा आलाय का ते आधी बघा.

पोटॅशियम क्लोराइड. १० एमएलच्या ॲम्पमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. हे सिरिंजने थेट शिरेत कधीही, कुणीही सांगितलं तरी नाही, हृदय जागेवर थांबतं. सलाइनमध्ये टाकून बाटली उलटसुलट करून मिसळायची, लटकवलेल्या बाटलीत टाकून तशीच सोडली तर औषध तळाला राहतं आणि पहिल्यांदा तेच जातं. त्याआधी पेशंटला लघवी होतेय ना ते बघा.

मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. लेबर रूमला जाल तेव्हा गरोदरपणात झटके येणाऱ्या बाईला देतात. प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी, गुडघ्याचा जर्क येतोय, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, लघवी तासाला ३० एमएल तरी. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवून कळवायचं. याचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याचं ॲम्प ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेलं हवं, शोधाशोध नको.

रक्त गोठू न देणारी दोन, हेपॅरिनचा उतारा प्रोटामिन, वॉर्फरिनचा व्हिटॅमिन के. हेपॅरिनची व्हायल पाच एमएलचीच पण एक हजार आणि पाच हजार युनिट प्रति एमएल अशा दोन्ही मिळतात, लेबल वाचा. इनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नाही आणि टोचल्यावर चोळायचं नाही.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाला छातीवर स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. पंधरा सेकंद गुणिले चार नाही. ६० च्या खाली तर नाही द्यायचं, विचारायचं. पेशंटला फ्रुसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, पण चालू असेल तर पोटॅशियम कमी होतं आणि तोच डिगॉक्सिनचा डोस विषारी ठरतो. मळमळ आणि "सगळं पिवळं पिवळं दिसतंय" हे पेशंट म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका.

ॲड्रेनालिन. इंजेक्शनची रिअॅक्शन येऊन पेशंट कोसळला तर मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ एमजी, म्हणजे आपल्या १ एमएलच्या ॲम्पमधलं अर्धं. घाबरून तेच डायल्यूट न करता शिरेत ढकललेलं चालत नाही.

७. अँटिबायोटिक पटकन

काही जंतूची भिंत पाडतात, पेनिसिलिन आणि सेफवाली. काही त्याचा प्रोटीनचा कारखाना बंद करतात, अमिकासिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन. क्विनोलोन त्याच्या डीएनएच्या मागे लागतात. भिंत आपल्या पेशींना नसतेच, म्हणून पेनिसिलिन तसं सोसवतं, भीती ॲलर्जीची. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली ती पेनिसिलिन देशात बनवायलाच, तिथल्या एचए कॉलनीचं नाव त्यावरून.

वॉर्डात लागणारं एवढं. ॲलर्जीचं प्रत्येक वेळी विचारा, फाइलवर लिहिलं असलं तरी. अमिकासिन असेल तर क्रिएटिनिन (किडनीचा रिपोर्ट) आणि लघवी बघा, कानात आवाज येतोय का विचारा. व्हँकोमायसिन निदान तासभर सावकाश, घाईने गेलं की पेशंट लालेलाल होतो. सेफ्ट्रियाक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) एका लाइनमधून एकत्र नाही, आरएलमध्ये कॅल्शियम असतं. अँटिबायोटिक नाही पण इथेच सांगते, फिट्सचं फेनिटोइन फक्त एनएस म्हणजे नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये म्हणजे ग्लुकोजच्या सलाइनमध्ये टाकलं तर डोळ्यादेखत चुरा होतो. मेट्रोनिडाझोलवाल्याला दारूचं स्पष्ट विचारा, बायकोसमोर नाही, बाजूला घेऊन.

८. वॉर्डात हे करा

रोज एकच पेशंट घ्या आणि त्याची ट्रीटमेंट शीट उतरवा. प्रत्येक औषधासमोर ग्रुप आणि "आधी काय बघायचं" लिहा. दोन आठवड्यांत लक्षात येतं की तीच वीस-पंचवीस औषधं फिरून फिरून येतायत. अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधायचा नाही, सिस्टरना विचारा, त्या ओरडतील, तरी विचारा. दुसऱ्याने भरलेलं इंजेक्शन आपण द्यायचं नाही. "दिलं" अशी सही आधी मारून मग द्यायला जाणं ही सवय काही वॉर्डात दिसेल, ती उचलू नका, पेशंट एक्स-रेला गेलेला असतो आणि कागदावर औषध पोटात.

औषधाने कुणाला विचित्र त्रास झाला तर नर्सही त्याची नोंद कळवू शकते, फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाची, टोल फ्री लाइन १८००-१८०-३०२४ आहे, फॉर्म बहुतेक मेडिकल कॉलेजात मिळतो. हे आम्हाला शिकताना कुणी सांगितलंच नव्हतं.

९. पेपरात

औषधाचं उत्तर लिहिताना नर्सची जबाबदारी हा भाग शेवटी दोन ओळीत उरकतात आणि तिथेच मार्क जातात. वहीतली तिसरी आणि चौथी ओळ तिथे उतरवा, मोजून आकड्यांसकट. "व्हायटल्स मॉनिटर करा" एवढं लिहिलं तर तपासणाऱ्याला काहीच कळत नाही, कुठलं व्हायटल, कितीच्या खाली गेलं तर काय, ते लिहा. स्पेलिंगची धास्ती मला पण होती, त्यावर उपाय म्हणजे स्ट्रिपवरून बघून रोज पाच नावं हाताने लिहायची, बाकी काही नाही.

पहिलं पान कुठलं करायचं कळत नसेल तर फ्रुसेमाइडचं करा. उद्या मॉर्निंगला मेडिकल वॉर्डात कुणाला ना कुणाला ते चालू असणारच. सकाळी का देतात, रोज वजन का करतात, इंजेक्शन सावकाश का ढकलायचं आणि कानाचा त्यात काय संबंध, हे चार प्रश्न घेऊन जा, उत्तरं फाइलमध्ये, पेशंटजवळ आणि त्या घडी घातलेल्या चिठ्ठीत आहेत.